ठोकळ्यांचा प्रवासी डबा: आधी वळण, मग खिडक्या

लेगोच्या ठोकळ्यांतून आगगाडीचा प्रवासी डबा बांधायला बसलेला माणूस हमखास खिडक्यांपासून सुरुवात करतो. साहजिकच आहे, डबा डोळ्यांपुढे येतो तोच खिडक्यांच्या रांगेसकट. मीही तेच केलं होतं. ६४ स्टड लांबीचा डबा, आत बाकं, बाकांवर माणसं, दाराखाली पायऱ्या, सगळं साग्रसंगीत. सरळ रुळावर तो असा दिमाखात उभा राहिला की दोन दिवस मी त्याला हलवलंच नाही. तिसऱ्या दिवशी इंजिन जोडलं. पहिल्याच वळणावर चाकं पायऱ्यांना अडली आणि डबा आडवा झाला. दुरुस्त करायचं तर तळ बदलायला हवा, आणि तळ बदलायचा तर वरचं सगळं उतरवायला हवं. तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे: आधी वळण, मग चाकं, मग तळ, आणि खिडक्या त्यानंतर. खालची माहितीही त्याच क्रमाने दिली आहे.

थोडी भाषा, थोडी मापं

बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. इथे मात्र बोगी म्हणजे डब्याखाली फिरणारा चाकांचा सांगाडा. रेल्वेच्या परिभाषेत हाच तिचा खरा अर्थ आहे. एका डब्याला दोन बोग्या, प्रत्येक बोगीला चाकांच्या दोन जोड्या.

स्टड म्हणजे ठोकळ्यावरची गोल गुंडी. शेजारच्या दोन गुंड्यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर ८ मिमी असतं. लांबी आणि रुंदी यात मोजायची. साधी ब्रिक ९.६ मिमी उंच, आणि प्लेट तिच्या बरोबर एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिमी. म्हणजे ५ प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिमी, अर्थात २ स्टड होतात. हे एवढं पाठच करून टाका, खिडक्यांपाशी उपयोगी पडेल. टाइल म्हणजे गुंड्या नसलेली गुळगुळीत प्लेट. जंपर म्हणजे दोन स्टडच्या मधोमध एकच गुंडी असलेली प्लेट. तिच्यामुळे एखादा भाग अर्धा स्टड सरकवता येतो.

पायरी पहिली: एकच डबा निवडा

‘एक छानसा जुना डबा’ अशी कल्पना घेऊन बसलात तर शेवटी आयताकृती खोकं तयार होतं. खराखुरा एक डबा ठरवा आणि त्याचं बाजूने काढलेलं, शक्यतो मोजमापांचं रेखाचित्र मिळवा. ते नसेल तर बाजूने सरळ घेतलेला फोटो चालतो. तिरक्या कोनातला फोटो सुंदर दिसतो, पण त्यावरून लांबी मोजता येत नाही. शिवाय छताचा एक आणि टोकाचा एक फोटो हवा. या दोन्ही बाजू लोक विसरतात आणि मग अंदाजाने भरतात.

फोटोत तीन गोष्टी मोजून लिहून ठेवा: लांबी ही रुंदीच्या किती पट आहे, खिडक्या किती आहेत, आणि दोन खिडक्यांमधली भिंत खिडकीच्या मानाने किती रुंद आहे. डबा ओळखू येतो तो मुख्यतः या तीन गोष्टींवरून. दाराची मूठ आणि पाण्याच्या टाकीचं झाकण नंतर.

पायरी दुसरी: रुंदी ठरवा

लेगोच्या रुळांत आतल्या बाजूने मोजलेलं अंतर साधारण ३७.५ मिमी असतं. खऱ्या रेल्वेच्या स्टँडर्ड गेजमध्ये हेच अंतर १,४३५ मिमी. भागाकार केला की प्रमाण येतं सुमारे १:३८. त्या हिशेबाने साधारण तीन मीटर रुंदीचा डबा १० स्टडच्या आसपास रुंद आणि ८० स्टडहून जास्त लांब व्हायला हवा. असे डबे बांधणारे लोक आहेत. त्यांच्याकडे जागा आहे, आणि बहुधा सहनशक्तीही आहे.

बाकीचे ६, ७ किंवा ८ स्टडवर थांबतात. लेगोने स्वतः आपल्या प्रवासी गाड्या दीर्घकाळ ६ स्टडमध्ये केल्या. १९९१ची मेट्रोलायनर आणि २००२ची सुपर चीफ ही त्यातली गाजलेली नावं. ६ स्टडचा डबा हलका असतो, भाग कमी लागतात, वळणावर त्रास देत नाही. पण दोन्ही भिंतींचा एकेक स्टड गेला की आत ४ स्टडच उरतात, आणि बाजूच्या बारकाव्यांना वाव राहत नाही. ८ स्टडला आत ६ मिळतात: दोन्हीकडे दोन स्टडची बाकं आणि मधे वाट, किंवा एका बाजूला २ स्टडचा बोळ आणि उरलेल्या ४ स्टडमध्ये खण. ७ स्टड दिसायला फार प्रमाणशीर असतो, पण मध्यरेषा स्टडवर येते, म्हणून पदोपदी जंपर लागतात. नवख्याने पहिला डबा ७ स्टडचा करू नये असं माझं ठाम मत आहे. ६ करा किंवा ८ करा. पुढचा हिशेब मी ८चा धरला आहे.

पायरी तिसरी: लांबी, म्हणजेच वळण

पूर्ण लांबीचा अमेरिकन डबा ८५ फूट लांब आणि साधारण १० फूट रुंद असतो, म्हणजे लांबी रुंदीच्या साडेआठ पट. युरोपातला प्रमाणित लांब डबा २६.४ मीटर लांब आणि २.८२५ मीटर रुंद. तिथे हीच पट नवाच्याही वर जाते. अमेरिकन प्रमाण धरलं तरी ८ स्टड रुंदीला ६८ स्टड लांबी येते. कागदावर ठीक. आता वळणाकडे पाहा.

लेगोच्या संचात येणाऱ्या वळणाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२ सेंटिमीटर आहे. १६ तुकड्यांत पूर्ण वर्तुळ. खऱ्या रेल्वेच्या मानाने हे वळण हास्यास्पद तीव्र आहे, पण १९९१ पासूनच्या गाड्या याच वळणावर धावत आल्या आहेत, आणि बहुतेकांकडे हेच रूळ असतात. ६८ स्टडच्या डब्याखाली बोग्यांचे खिळे (बोगी ज्याभोवती फिरते ते बिंदू) ४८ स्टड अंतरावर ठेवले, तर या वळणावर डब्याचा मधला भाग रुळाच्या मध्यरेषेपासून आत किती सरकतो? शाळेतलं पायथागोरस: अर्धं अंतर २४, त्रिज्या ४०, तिसरी बाजू ३२. चाळिसातून बत्तीस गेले, उरले ८ स्टड. रुळाखालचे स्लीपर मध्यापासून दोन्हीकडे ४-४ स्टड पसरलेले असतात आणि डब्याची अर्धी रुंदीही ४ स्टड. म्हणजे डब्याचं पोट रूळ आणि स्लीपर पूर्ण सोडून बाहेर लोंबतं. दोन्ही टोकं त्याच वेळी उलट्या दिशेला जवळपास ७ स्टड बाहेर फेकली जातात. हे दृश्य एकदा पाहिलं की ‘मापात अगदी तंतोतंत’ हा हट्ट माणूस आपोआप सोडतो.

उपाय दोन. पहिला, रूळ बदलणं. इतर उत्पादक ५६, ७२, ८८, १०४ स्टड त्रिज्येची वळणं बनवतात. १०४च्या वळणावर तोच ६८चा डबा जेमतेम पावणेतीन स्टड आत येतो आणि खरोखर देखणा दिसतो. पण त्या वर्तुळाचा व्यास दीड मीटरहून जास्त होतो, ते मांडायला एक खोली राखून ठेवावी लागते.

दुसरा उपाय डबा आखूड करण्याचा. आखूड करायचा म्हणजे सगळं सारख्या प्रमाणात आवळायचं नाही. एकूण खिडक्यांतल्या तीन-चार गाळायच्या, मात्र उरलेल्या खिडक्यांची रुंदी आणि मधल्या भिंतीची रुंदी जशीच्या तशी ठेवायची. बारा खिडक्यांच्या जागी आठ आल्या तर पाहणारा मोजत बसत नाही. खिडक्याच अरुंद केल्या तर मात्र काहीतरी बिनसलंय हे त्याला लगेच जाणवतं, काय ते सांगता आलं नाही तरी.

माझी पसंती ५६ स्टडला. ४०च्या वळणावर तो जातो, आणि पाहताना लांब वाटतो. फार अडचणीची जागा असेल तर ४० ते ४८ स्टड ठेवा. लेगो ६×२८ मापाचा तयार तळही बनवतं, पण वास्तव दिसायला हवं असेल तर तो आखूड पडतो.

पायरी चौथी: नुसता तळ पळवा

बोग्या कुठे लावायच्या? डब्याच्या लांबीला ०.७ने गुणा, तेवढं अंतर दोन बोग्यांच्या खिळ्यांमध्ये ठेवा. हे प्रमाण असलं की वळणावर पोट जितकं आत येतं, साधारण तितकीच टोकं बाहेर जातात. बोग्या टोकांकडे सरकवल्या की पोट जास्त आत येतं, मध्याकडे सरकवल्या की टोकं जास्त झुलतात. ५६ला हे अंतर येतं जवळजवळ ४०. म्हणजे दोन्ही टोकांपासून ८ स्टड आत एकेक खिळा. वळणावर पोट ५ स्टडहून थोडं जास्त आत येईल, टोकं साडेचार स्टड बाहेर जातील, आणि बोगी डब्याच्या तुलनेत बरोबर ३० अंश वळेल.

हे ३० अंश लक्षात ठेवा. बोगीचं टोक तिच्या खिळ्यापासून ५ स्टडवर असेल तर ते अडीच स्टड बाजूला फिरणार आहे. त्या फिरण्याच्या आड पायऱ्या, बॅटरीचं खोकं, बाजूची झालर यांतलं काहीही येता कामा नये. माझ्या पहिल्या डब्याच्या पायऱ्या नेमक्या तिथेच होत्या.

आता मिळतील त्या रंगाच्या प्लेट घेऊन ५६ लांब, ८ रुंद असा उघडा तळ जोडा. दोन बोग्या लावा. कडेला चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध दोन्हीकडे ब्रिक उभ्या करा, म्हणजे भिंतीची जागा कळेल. एवढंच घेऊन हाताने रुळावर फिरवा. एका वळणातून थेट उलट्या वळणात जाणारा इंग्रजी एससारखा रूळ मांडा. सांध्यातून, म्हणजे एका रुळाचे दोन होतात तिथून, बाहेर पडताना तसा तो आपोआप होतोच. खांब, फलाट, बोगद्याचं तोंड ठेवायचं असेल तर ते या वेळी ठेवून बघा. वळणाच्या आतल्या बाजूला मध्यरेषेपासून किमान १० स्टड मोकळे लागतात. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि या लेखातलं एकच वाक्य पाळायचं ठरवलंत तर हेच पाळा: तळ पळाल्याशिवाय भिंत उचलू नका.

बोगी आणि जोडणी

चाकांसाठी धातूच्या कण्याची (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची) तयार जोडी घ्या. लेगोच्या टेक्निक मालिकेतला प्लॅस्टिकचा कणा ब्रिकच्या छिद्रातून घालूनही चाक फिरतं, पण घर्षण जास्त होतं. एका डब्याला ते जाणवत नाही, पाच डब्यांना इंजिन रडकुंडीला येतं. बोगीची चौकट बांधताना चाकाला दोन्हीकडून बारीकशी मोकळीक ठेवा. बांधून झाली की ती उतारावर सोडा. स्वतःच्या वजनाने घरंगळली तर ठीक, नाहीतर काहीतरी घासतंय.

दोन कण्यांतलं अंतर खऱ्या बोगीत अडीच मीटरच्या आगेमागे असतं. ८ स्टडच्या डब्याला ते ७ स्टड येतं, आणि एवढं अंतर तीव्र वळणावरही चालतं. बोगीच्या बाजूंना स्प्रिंगा, दांड्या, कण्याची झाकणं यांचा आभास द्यायला जाळीच्या टाइल, गोल प्लेट, नळाच्या आकाराचे भाग कामी येतात. सगळं काळं किंवा गडद राखाडी ठेवा, इथे रंग नको. खिळ्याच्या जागी २×२ची फिरती प्लेट वापरा किंवा टेक्निकची पिन. पिन असेल तर डबा उचलल्यावर बोगी गळून पडणार नाही याची खात्री करा.

जोडणीचं चुंबक डब्याच्या अंगाला लावायचं की बोगीला? फोटोत पाहून नवखे ते अंगाला लावतात, कारण खऱ्या डब्याला तसंच असतं. पण आपल्या वळणावर डब्याचं टोक साडेचार स्टड बाहेर जातं. आखूड इंजिनाचं टोक तेवढं जात नाही. मग चुंबकं एकमेकांना तिरकी ओढतात आणि हलकी बोगी रुळावरून उचलली जाते. म्हणून लांब डब्याला जोडणी बोगीवर. ती रुळाबरोबरच फिरते, भांडण मिटतं. दोन डब्यांमधली फट मात्र थोडी वाढते. ती कमी करायची असेल तर एकेक प्लेटने जोडणी आत घ्या आणि दर वेळी एसच्या रुळावर तपासा. सरळ रुळावर बिलगून उभे दिसणारे डबे वळणावर कोपऱ्याने कोपऱ्याला धडकतात.

टीजीव्ही या फ्रान्सच्या वेगवान गाडीसारखी गाडी करायची असेल तर एक वेगळाच मार्ग आहे: शेजारच्या दोन डब्यांची टोकं एकाच बोगीवर. त्यात फट जवळजवळ नाहीशी होते. पण गाडी सुटी करणं, कपाटात ठेवणं, रुळावर चढवणं, सगळं जिकिरीचं. पहिल्या डब्याला नको.

खिडक्या, एकदाच्या

इथे घाई करू नका, डब्याचा चेहरा हाच. आधी अख्खी भिंत बांधायची नाही. एक खिडकी, तिच्या दोन्हीकडची भिंत, वरची पट्टी, खालची भिंत आणि थोडं छत एवढा १६ स्टड लांबीचा नमुना बांधा. दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींचे नमुने शेजारी ठेवून हातभर अंतरावरून बघा. फोन कॅमेऱ्यातून पाहिलं तर आणखी बरं, डोळा जे माफ करतो ते कॅमेरा करत नाही.

आकडे असे. युरोपीय डबा ८ स्टडमध्ये बसवला की प्रमाण सुमारे १:४४ होतं. खरी खिडकी मीटरभर उंच धरली तर ती २२-२३ मिमी, म्हणजे २ ब्रिक आणि १ प्लेट. नेमकी इथे अडचण आहे. तयार चौकटी २ किंवा ३ ब्रिक उंचीच्या मिळतात. २ची घेतली तर डबा जरा दबलेला, जुन्या काळचा दिसतो. ३ची घेतली तर मोठ्या काचांचा, पर्यटकांच्या गाडीसारखा. तुम्ही निवडलेल्या डब्याला काय शोभतं ते बघा. पहिल्या डब्याला १×४×३ची (१ स्टड जाड, ४ स्टड रुंद, ३ ब्रिक उंच) चौकट घ्यायला माझी ना नाही. ती मजबूत असते, आतलं सामान दिसतं, आणि भिंत सरळ राहते.

५६ स्टडची वाटणी अशी बसते: खिडकी ४ स्टड, मधली भिंत १ स्टड. आठ खिडक्या आणि नऊ भिंती मिळून ४१ स्टड. उरले १५. एका टोकाला ७, त्यात दार; दुसऱ्या टोकाला ८, त्यात दार आणि स्वच्छतागृहाची दुधी काचेची छोटी खिडकी. दोन टोकं सारखी नाहीत म्हणून अस्वस्थ होऊ नका, खरे डबेही बरेचदा असे एकांगी असतात, आणि त्यामुळेच ते खरे वाटतात.

आधुनिक डब्यात काच आणि पत्रा एका पातळीत असतो. चौकटीच्या खिडकीने ते साधत नाही. तिथे भाग आडवे बसवायचे, म्हणजे गुंड्या वर न येता बाजूला येतील असे. या तंत्राला जगभरचे ठोकळेवाले ‘स्नॉट’ म्हणतात. बाजूला गुंडी असलेल्या ब्रिक किंवा ब्रॅकेट (काटकोनात वळलेल्या प्लेट) आत रचायच्या आणि त्यांवर बाहेरून टाइल चिकटवायच्या. पाठ केलेला हिशेब इथे कामाला येतो. आडव्या टाइलची उंची स्टडमध्ये मोजली जाते आणि शेजारच्या भिंतीची प्लेटमध्ये. २ स्टड म्हणजे ५ प्लेट, ४ स्टड म्हणजे १० प्लेट, ही दोन मापं बरोबर जुळतात. ३ स्टड म्हणजे साडेसात प्लेट. अर्धी प्लेट भरून काढणं नवख्याच्या अंगावर येतं. म्हणून ४ स्टडचा पट्टा धरा: ३ स्टड धुरकट काळ्या टाइलची खिडकी, २४ मिमी, प्रमाणात बरोबर, आणि चौथ्या स्टडवर डब्याच्या अंगावरची रंगीत पट्टी. पट्टा एकूण ३ ब्रिक आणि १ प्लेट उंचीच्या खाचेत चपखल बसतो.

रुंदीचं काय? टाइलची जाडी ३.२ मिमी, दोन्हीकडे मिळून ६.४. आतला गाभा ७ स्टडचा, म्हणजे ५६ मिमी ठेवला की एकूण ६२.४ होतात. खालची भिंत ६४ची. खिडकी दर बाजूला पाऊण मिलिमीटरच आत जाते, डोळ्याला एकसंध दिसते. गाभा ७चा आणि तळ ८चा म्हणून जंपर लागतील. (वर मी ७ स्टडला नावं ठेवली होती, याची मला कल्पना आहे. एका थरापुरतं चालतं.)

आणखी एक बारीक गोष्ट. ब्रिक तिच्या जागेपेक्षा ०.२ मिमी लहान बनवलेली असते, नाहीतर शेजारी शेजारी बसलीच नसती. लांबलचक आडव्या पट्ट्यात या फटी एका ठिकाणी साचतात आणि मधेच एक काळी रेघ दिसते. पट्टा ठोकताना बोटाने दोन्हीकडून सारखा करून फटी वाटून टाका, किंवा सांधा दारापाशी आणा, तिथे रेघ शोभते.

रंग आणि खरेदी

रंग मनात ठरवा, पण पक्का करू नका. आधी पाहा की तुमच्या खिडकीची चौकट, छताचे वक्र भाग, दार आणि १×१च्या टाइल त्या रंगात बनल्या आहेत का. साध्या ब्रिक जवळपास प्रत्येक रंगात मिळतात आणि नवखा त्यावरच फसतो. गडद लाल आणि तपकिरी रंगातले काही वर्षांपूर्वीचे भाग ठिसूळ असतात, हे भाग वापरणारे अनुभवाने जाणतात. जुने घेतलेत तर जोडताना आणि मुख्यतः काढताना हात हलका ठेवा. पांढरे आणि राखाडी भाग उन्हाने पिवळे पडतात. जुना आणि नवा पांढरा एका भिंतीत मिसळला की दिवसा फरक उठून दिसतो.

भागांची यादी हाताने करण्यात अर्थ नाही. ब्रिकलिंकचं स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर डबा बांधू देतं, कोणता भाग कोणत्या रंगात बनलेला नाही हेही दाखवतं, आणि शेवटी यादी काढून देतं. ब्रिकलिंक ही सुट्या भागांची बाजारपेठ २००० साली सुरू झाली आणि २०१९मध्ये लेगोनेच ती विकत घेतली. पडद्यावर ठोकळे जोडण्याची कल्पना त्याच्याही आधीची: जेम्स जेसिमन यांनी १९९५मध्ये एलड्रॉ हे सॉफ्टवेअर लिहिलं, आणि त्याने पाडलेली पद्धत आजही वापरात आहे. मात्र पडद्यावरचा डबा वाकत नाही, घासत नाही आणि वळणावर अडत नाही. म्हणून चौथी पायरी आधी.

मोजून जितके लागतात त्यापेक्षा छोटे भाग थोडे जास्त मागवा. १×१ची टाइल हरवण्यासाठीच जन्माला येते.

तळ, भिंत, टोकं

तळ दोन-तीन थरांच्या प्लेटचा, आणि कोणत्याही दोन थरांचे सांधे एकमेकांवर येऊ देऊ नका. वीट रचणारा गवंडी जे करतो तेच. तेवढ्याने ५६ स्टड लांब डबा मधे वाकायचा थांबत नाही. दोन १×१६च्या टेक्निक ब्रिकच्या रांगा तळाखाली बोगींच्या मधल्या भागात लपवा, त्या पाठीच्या कण्याचं काम करतात. खऱ्या डब्याखाली तिथे बॅटऱ्या, हवेच्या टाक्या आणि यंत्रांची खोकी असतात, म्हणून ही रांग झाकायला फार डोकं लढवावं लागत नाही. भिंत चढली की तीही तुळईसारखी भार घेते. पण खिडक्यांच्या वरची पट्टी अखंड हवी. ती लांब प्लेटने बांधा, तुकड्यांनी नको.

उंची तपासा. खरा डबा रुळापासून छतापर्यंत चार मीटरच्या थोडा वर असतो. १:४४ला ९२ मिमी, म्हणजे साडेनऊ ब्रिक. डब्याची जमीन रुळापासून ३ ब्रिकच्या आसपास येते. नवख्यांचे डबे हटकून उंच होतात, कारण बोगीची उंची धरायची राहून जाते. फूटपट्टी रुळावर टेकवून मोजा, टेबलावर नाही.

टोकाची भिंत सपाट सोडू नका. मधला दरवाजा, त्याभोवतीचा काळा पडदा, दोन मागचे दिवे, शिडी. पडद्यासाठी आडव्या खाचांच्या काळ्या ब्रिक पुरतात. दिव्यासाठी एका बाजूला खोलगट गुंडी असलेली हेडलाइट ब्रिक आणि त्यात पारदर्शक लाल गोल प्लेट.

छत

छतावर मेहनत घ्यायला लोक कंटाळतात, आणि मांडलेली गाडी तर आपण बहुतेक वेळ वरूनच पाहत असतो. ८ स्टडसाठी सोपी रचना: मधे ४ स्टड सपाट, दोन्हीकडे २-२ स्टडचे वक्र स्लोप, म्हणजे उतरते भाग. हे स्लोप दोन प्लेट उंचीचे असतात. खऱ्या छताची कमान त्याहून चापट असेल तर सगळ्यात बाहेरची कड १×१च्या छोट्या उतरत्या स्लोपने करा. चीजच्या फोडीसारखा दिसतो म्हणून त्याला चीज स्लोप म्हणतात. मधल्या सपाट भागावर टाइल लावा, पण एक-दोन ठिकाणी हवा खेळवणारे पंखे, एसीची जाळी किंवा टोप्या बसवा, नाहीतर छत डांबरी रस्त्यासारखं दिसतं.

छत निघतं ठेवा. अख्खं ५६ स्टडचं एका तुकड्यात काढताना ते मधेच मोडतं. तीन तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा चार-सहा गुंड्यांवरच टेकवा. बाकी भिंतीच्या माथ्यावर टाइल. आतलं सामान त्यानंतर. काचा धुरकट असतील तर बाकांच्या पाठी, एखादं टेबल आणि दोन-चार माणसं एवढ्यावर भागतं. पारदर्शक असतील तर जमिनीचा रंग भिंतीच्या बाहेरच्या रंगापेक्षा वेगळा ठेवा, आत खोली दिसते. वजनाचा विचार करून थांबा.

नाव, क्रमांक आणि पट्ट्या छापील स्टिकरने करता येतात. स्टिकर दोन ब्रिकच्या सांध्यावरून जात असेल तर चिकटवल्यावर धारदार पात्याने सांध्यावर कापा. न कापता ठेवलेला स्टिकर पहिल्या दुरुस्तीला फाटतो.

शेवटची चाचणी उलटी

डबा इंजिनाच्या मागे ओढून पाहणं पुरेसं नाही, ओढताना गाडी स्वतःला सावरून घेते. इंजिन मागे लावा आणि सांध्यातून, एसच्या वळणातून डबा ढकला. जी बोगी घासते ती इथे रुळावरून उतरेल. उतरली तर त्याच जागी तीन वेळा उतरते का ते पाहा. दर वेळी तिथेच उतरली तर दोष रुळाचा आहे, वेगवेगळ्या ठिकाणी उतरली तर बोगीचा. मग डबा उलट्या तोंडाने ठेवून पुन्हा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा फेऱ्या न अडता झाल्या की संगणकावरची फाइल बांधलेल्या डब्याशी जुळवून घ्या, कारण बांधताना चार ठिकाणी तरी तुम्ही काहीतरी बदललेलं असतं, आणि दुसऱ्या डब्याची यादी त्या फाइलवरूनच निघणार आहे.